नऊ मिलिमीटर

पुण्याहून पार्सल आलं. पुठ्ठ्यात गुंडाळलेली
चार फुटी नळी, काळी, सरळ,
चार बोल्ट, आणि एक कागद:
बसवायला वीस मिनिटं.

अश्फाक सोलकरांनी कागद वाचला,
घडी घातली,
आणि त्यावर चहाचा पेला ठेवला.

मिरकरवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांची शेड.
अर्ध्या शेडमध्ये ट्रॉलरचा विंच पोट उघडून पडलेला,
उरलेल्या अर्ध्यात माझी लाल पोलो.
मागची सीट काढून भिंतीला टेकवली
तेव्हा तिच्या फटीत सापडलं:
एक रुपया, दोन चिंचोके, केसांची पिन,
आणि साखरेएवढे काचेचे दाणे.
मी ते झाडून टाकले.

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
पुढच्या महिन्यात कोल्हापूरजवळ माळावर शंकू मांडून
गाड्या पळवणार आहेत. माझं नाव तेविसावं.
घरी सांगितलंय, ऑडिटला जातेय.

पट्ट्याचा मूळ बोल्ट, चांदणीच्या तोंडाचा,
खाऱ्या हवेनं खांबातच रुजलेला.
रात्रभर त्याला तेल पाजलं.
सकाळी सुटला, किंचाळत.

उजवीकडे नळी बसली, जणू तिथलीच.
डावीकडे भोक समोर येईना.
सोलकरांनी नळी उलटी फिरवली, डावं टोक उजवीकडे.
उजवीकडे बसली.
डावीकडे पुन्हा तेच, नऊ मिलिमीटर.
मग नळीचा दोष नव्हता.

खिशातून तंगूस काढली, मासे धरायची,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणली,
गाठ मारली, पुन्हा ताणली उलट्या कोपऱ्यांतून.
दोन गाठी बोटांत धरून म्हणाले,
“हिनं मार खाल्लाय, बाय.”

चिपळूणच्या शिगवणांना फोन लावला,
ज्यांनी विकताना म्हटलं होतं, एक ओरखडा दाखवा.
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा ऐकू आला.
मग: “परशुरामच्या उतारावर. रस्ता कोरडा होता.
मंडळी बसल्या होत्या डावीकडे.
बऱ्या आहेत आता. मान तेवढी पुरती वळत नाही.
पैसे परत हवेत का?”
मला काचेचे दाणे आठवले.
केराच्या डब्याकडे बघत मी म्हटलं, नको.
का म्हटलं, माहीत नाही.

टॉमी घालून रेटलं असतं तर बोल्ट गेला असता आत.
मीच सुचवलं. सोलकर हसले नाहीत.
“जबरदस्तीनं बसवलेला बोल्ट
ऐन वेळी आपल्या बाजूनं नसतो.”
विंचसाठी आणलेल्या जाड पत्र्यातून त्यांनी
डाव्या टोकाला नवा पंजा कापला,
नऊ मिलिमीटर सरकवलेला,
वाकड्या गाडीला वाकडा पंजा.
दुपारची बांग झाली तेव्हा हत्यार ठेवून गेले,
परत येऊन कानस तिथूनच पुढे.

मग पट्ट्यांची उंची. मी म्हटलं, थोडे खाली चालतील.
त्यांनी माझ्या खांद्यावर तळहात आडवा धरला.
“दोरावर पंचवीस वर्षं काढलीत.
दोर ओढेल तिकडेच माणूस जातो.
खाली ओढला, तर मणका चेपणार.
सरळ मागे जाऊ दे.”

वीस मिनिटांचं काम, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संपलं.
बंदरावर ओरड चालू होती, सुरमईचा भाव फुटला होता.
मी आत बसले. चार पट्टे, मधे एक कुलूप,
सोलकरांनी शेपट्या ओढल्या
आणि श्वास अर्ध्यावर थांबला.
पाठ सीटची झाली.
खांदे, कंबर, सगळं गाडीच्या मालकीचं.
मान तेवढी मोकळी.
मी डावीकडे पाहिलं, रिकाम्या सीटकडे,
मग मुद्दाम, हळू, उजवीकडे. पुरती वळली.

“चहा,” म्हणून त्यांनी पेला
समोर डॅशबोर्डवर ठेवला.
हात लांबवला. वीतभर कमी पडला.
ते खिडकीशी उभे, गालात हसत,
आणि चहावर साय धरेपर्यंत
कुणीच कुलूप उघडलं नाही.