रकाना सातवा

मंगळवारी होडी उशिरा सुटते.
चिलोएच्या या अंगाला दहापर्यंत धुकं हटत नाही,
आणि ते हटेपर्यंत ओनोफ्रे इंजिनाला हात लावत नाही.
मी फळीवर बसून तक्ता काढते,
प्रांताच्या कचेरीचा, सात रकान्यांचा.
शाळेचं नाव, पटसंख्या, मुलगे, मुली, हजर, तपासलेली,
आणि सातवा:
वाचादोष आढळलेली मुलं, एकूण.

एकूण.

लोकांना वाटतं, लाखात एखादं असेल.
शिक्षण खात्यातल्या साहेबांनाही तसंच वाटलं होतं,
चहा ढवळता ढवळता.
माझ्या मोठ्या शाळेत मुलं एकेचाळीस.
त्यात सात.
लहान शाळेत नऊ, त्यात दोन,
आणि ती दोघं सख्खी भावंडं,
एकमेकांचं बोलणं त्यांना बरोब्बर कळतं,
मधे मी कशाला, असं बघतात माझ्याकडे.

ओरियानाची जीभ 'स' म्हणताना दातांबाहेर डोकावते.
तिचा त्याला काही आक्षेप नाही.
रोमिना शब्दाच्या उंबऱ्यावर अडते.
पावाला आमच्याकडे पान म्हणतात.
प-प-प करत मागे रांग थांबते, कुणी तरी खिदळतं,
म्हणून ती सूप मागते.
सुपाला सोपा म्हणतात.
दोन वर्षं झाली, रोज सोपा पितेय पोर,
आवडत नसताना.
हे तक्त्यात कुठे लिहायचं?

एक जण शाळेत तोंडच उघडत नाही.
घरी पोपटासारखा बोलतो, आई शपथेवर सांगते.
त्याचा आवाज मी ऐकलेला नाही,
तरी मोजला.

बाकीचे 'र'वाले.
चारांतला एक आब्दोन.
कुत्र्याला पेर्रो म्हणतात,
'र'चा कणा मोडला की उरतं पेरो, म्हणजे 'पण'.
पहिल्या दिवशी चित्र दाखवलं तर म्हणाला,
माझ्याकडे पण एक पण आहे.
काळा. एका कानाचा पण.
वर्ग हसला. तोही हसला, जरा उशिरा.

माझं काम तसं एका ओळीचं:
उचलली जीभ, लावली टाळ्याला.
लोक हे टोमणा म्हणून वापरतात.
आब्दोनला अकरा महिने लागले.
आरसा, मध, बर्फाची कांडी, टाळ्याला चिकटवलेला वाटाणा,
घोड्याचं फुरफुरणं, ओनोफ्रेच्या इंजिनाची नक्कल.
जिभेला हाड नसतं म्हणे.
त्याच्या जिभेला असावं,
निदान ऑगस्टपर्यंत तरी होतं.

मग गेल्या मंगळवारी, वाटाणा तोंडात नसताना,
र्र्र.
त्यालाच दचकायला झालं.
त्यानं वर्गातल्या एकूण एक र वर हात साफ करून घेतला,
शेवटी धावत धक्क्यावर गेला कुत्र्याला सांगायला.
कुत्र्याचं नाव तुर्रोन.
तुर्रोन! ओरडला तो, अख्खी खाडी ऐकेल असं,
स्वच्छ, खणखणीत, माझ्या पगाराला जागणारं.

कुत्रा शिंपल्यांचा ढीग हुंगत होता.
हुंगतच राहिला.

तुर्रोन!
शेपटीसुद्धा हलली नाही.

आब्दोननं इकडेतिकडे पाहिलं.
मी पिशवीची चेन लावण्यात गढून गेले.
तेव्हा त्यानं हलकेच, ओठातल्या ओठात म्हटलं,
तुलोन.
आणि तो एक कानाचा पण
जाळी तुडवत, बादली उलथवत
त्याच्या छातीवर येऊन आदळला.

होडीत बसल्यावर सातव्या रकान्यातला सात खोडून
मी सहा केला. शाईनं.
मग बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले,
आकडा बरोबर होता.

ओनोफ्रेनं बोट वर करून विचारलं, निघायचं?
तो बोटानंच विचारतो.
भाडंही बोटांवर सांगतो, हवा बिघडली की मान हलवतो.
बारा वर्षं मी या होडीतून जातेय.
त्याच्या तोंडून एक सबंध वाक्य
अजून ऐकलेलं नाही.