सतरा ठिपके

तळाशीलच्या वाळूत तिकाटणं रोवलं.
त्याच्या पायांना पिशव्या बांधल्या,
खारं वारं लोखंड खातं म्हणून.
कॅमेरा पुण्याच्या संस्थेचा,
मला चित्रफितीच्या मिनिटाला चाळीस रुपये.
काम सोपं. माणूस दिसला की
त्याच्यावर सतरा ठिपके ठेवायचे:
नाक, डोळे, कान,
खांदे, कोपरं, मनगटं,
खुबे, गुडघे, घोटे.
बोटं नाहीत.
दोराने कापलेला तळवा नाही.
मनगटापाशी माणूस संपतो.

उजाडता उजाडता रपण लागली.
होडी अर्धं वर्तुळ सोडून परतली,
दोन्ही टोकांना माणसं लागली,
तोंड समुद्राकडे, टाचा वाळूत,
अंगाचं सगळं वजन मागे.
पडद्यावर प्रत्येकाभोवती हिरवी चौकट
आणि चौकटीवर एकच शब्द: पडणे.
पडणे, सत्त्याऐंशी टक्के.
पडणे, ब्याण्णव टक्के.
बावीस माणसं तासभर पडत होती
आणि जाळं इंचाइंचाने वर येत होतं.

मी शब्द खोडून लिहिलं: ओढणे.
यादीत तो नव्हता.
यादीत चालणे होतं, धावणे, बसणे,
हात हलवणे.

शेपटाला पोचलेला माणूस दोर सोडतो,
धावत पाण्यात शिरतो
आणि पुन्हा पहिला होतो.
यंत्र त्याला दर वेळी नवा नंबर देतं.
बस्त्याव चार होता, मग अकरा,
मग सव्वीस.
न्याहारीपर्यंत तो एकटाच सहा जण झाला होता.

आणि जिथे खांद्याला खांदा लागला
तिथे रेघा चुकल्या:
भिवाकाका गिरकरांच्या खांद्याला
बस्त्यावचं कोपर,
त्याच्यापुढे लवू मेतराचं मनगट.
दुपारी सुकटीच्या खळ्यात लॅपटॉप उघडून
मी एकेक हात मालकाला परत देत बसले.
काका मागून वाकून बघत होते.
"चेडवा, कित्याक सोडवतंस?
रपणीत हात कोणाचो,
तां आमका तरी खंय कळता?"

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
माणूस लाटेआड गेला
की यंत्र त्याचा नंबर लगेच पुसत नाही.
तो कुठे असेल त्याचा अंदाज बांधून
रिकाम्या पाण्यावर चौकट सरकवत राहतं.
तीस फ्रेम.
म्हणजे एक सेकंद.
मग नंबर काढून टाकतं.
हा आकडा वाढवता येतो, सेटिंगमध्ये आहे.
मी एकदा साठ केला, एकदा नव्वद.
बाबा गेले त्या वर्षी आई
नारळी पुनवेपर्यंत दोघांचं जेवण रांधत होती.
नव्वदच्या पुढे यंत्र अडखळतं,
भलत्याच माणसाला जुना नंबर चिकटवतं.
मी पुन्हा तीस केला.

संध्याकाळी वांटे पडले.
बांगडा थोडा, पेडवे जास्त, दोन टोपल्या कचरा.
मी म्हटलं, यंत्राने एकोणीस मोजले.
कोणी ऐकलंही नाही.
काकांनी बावीस ढीग घातले
आणि तेविसावा आनंदीआयेचा,
जिने येऊन शेपटाकडे
दोराला नुसता हात लावला होता.
तिची चित्रफीत मी परत परत पाहिली.
पदर डोक्यावर, कान झाकलेले, गुडघे लुगड्यात.
सतरातले सहाच ठिपके सापडतात,
त्यावर चौकट पडत नाही.

मग काकांनी चोविसावा ढीग घातला,
चार पेडवे, एक लहान बांगडा,
आणि तिकाटण्याकडे हनुवटीने दाखवलं.
"दिवसभर उभो होतो मां तो?"

मी ते पेडवे घरी आणले.
आईने विचारलं, कोणाचा वांटा?