त्रेचाळिसावं

नांदेडात मे महिन्याची दुपार,
आणि मी खिडक्यांना काळा कागद लावून
लाल बल्बखाली,
उजेडाला उपाशी ठेवलेल्या पिवळ्या भुकटीसोबत.

बेचाळीस संयुगं नुसतीच पिवळी निघाली.
जांभळ्या एलईडीखाली रेझीन काकवीसारखं, ढिम्म.

त्रेचाळिसावं ढवळत होते
तर केरबामामांनी चहा आणला, पाठीनं दार ढकलून.
मागोमाग वीतभर ऊन.
काचकांडी जागीच रुतली.

उन्हानं झालेलं धरत नाहीत.
दार लावलं. पुन्हा तोलून घेतलं.
दिवा. एक, दोन,
तीन म्हणायच्या आत
बाटली उलटी केली मी,
आणि काहीच सांडलं नाही.

मामा कपाकडे बघत म्हणाले,
चहावर साय धरली की वो.