खुडूक

केळीच्या शेवटच्या कापणीतून हाती उरलेले चौदा हजार
आणि वहीचं एक कोरं पान.
उभ्या रेघा मारल्या : जात, अंडी, खाद्य, ऊन.
पाचव्या रकान्याला नाव सुचेना,
तो तसाच ठेवला.

पांढरी लेगहॉर्न, वर्षाला तीनशे.
कागदासारखी दिसते, कागदावरच शोभते.
आमच्या मे महिन्यात, पत्र्याखाली,
चोच उघडी टाकून पहिली तीच आडवी होणार.
तांबडी आर.आय.आर., दोनशेच्या वर, अंडं तपकिरी.
तपकिरी अंड्याला फैजपूरच्या बाजारात
गावरान म्हणून दोन रुपये चढतात.
आपण तोंडाने गावरान म्हटलं नाही
तर ते खोटं होतं का,
यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.
ग्रामप्रिया, कावेरी :
नावं सरकारी योजनांसारखी,
पण चिवट, म्हणतात.

सासऱ्यांच्या गळ्यात माळ.
आमच्या अंगणात एक पीस उडालेलं चालणार नाही.
म्हणून भिंतीपलीकडची जागा हसीना तडवीची,
भांडवल माझं, हिशोब निम्मा-निम्मा.
मी वही वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती.
"सारं बराबर, वहिनी.
पन मुंगूस आलं तं तुही तीनशेवाली पयीन का?"
आणि थोड्या वेळाने, खडा बाजूला टाकत,
"खुडूक बसते का यातली कोनती?"

पाचवा रकाना भरला.
लेगहॉर्न, नाही. तांबडी, क्वचित. बाकी, नाही.
बसली की अंडी थांबतात,
म्हणून त्यांच्या रक्तातून बसणंच
कुणीतरी पिढ्या-पिढ्या खुडून काढलेलं.

हॅचऱ्या तीन.
धुळ्याचा म्हणाला, आजच पैसे टाका, उद्या भाव वाढेल.
दुसऱ्याने फोटो पाठवला,
कोंबड्यांच्या मागे नारळाची झाडं.
नवापूरकडच्या गावितांनी मात्र मलाच विचारलं,
बल्ब किती वॅटचा? पाणी विहिरीचं का?
लाईट गेली तर काय कराल?
लसीचं मी विचारायचं होतं,
ते त्यांनीच आधी सांगितलं.
"पन्नास माद्या. दोन-तीन चुकतात, आत्ताच सांगून ठेवतो."
मी विचारलं, आणि निवडून काढलेल्या नरांचं?
तिकडे मशीनची घरघर ऐकू येत राहिली.
मग म्हणाले,
"ताई, पत्ता लिहून घेतो."

भुसावळच्या गाडीने जळगावपर्यंत,
तिथून एस.टी.त माझ्या मांडीवर,
भोकं पाडलेला खोका.
बलक पोटात घेऊनच निघतात ती,
दोन दिवस त्यांना कुणाचीच गरज नसते,
असं गावित म्हणाले होते.
खोक्याला हे कुणी सांगितलं नसावं.
यावलपर्यंत कंडक्टर वळून वळून बघत होता.

मोजली तेव्हा एक्कावन्न. एक गेलेलं.
रात्री नऊला लाईट गेली.
मी कंदील शोधत होते, गावितांचा नंबर शोधत होते,
तोवर हसीनाने तिची काळी म्हातारी
टोपल्यासकट उचलून आणली.
आठ दिवसांपासून रिकाम्या टोपल्यात बसून होती ती,
हात नेला की टोचायची, अंग फुलवून.
तिच्याखाली पंधरा मावली.
उरलेल्यांवर आम्ही दोघींनी गोधडी धरून ठेवली,
पहाटेपर्यंत, कोपरं भरून आली तरी.
काळीने एकदाही डोळा मिटला नाही.

पाचव्या महिन्यात
माद्यांतल्या एकीने बांग दिली.
आवाज फाटका, अर्ध्यावर अडकलेला.
सासरे पहाटे चारला माळ ओढत बसतात.
त्या दिवशी काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी,
भिंतीकडे न बघता,
"तुझं ते पाखरू दहा मिनिटं मागे आहे."

वहीत त्याच्यासाठी रकाना नाही.
त्याचं खाद्य मी तांबड्यांत मिळवून लिहिते,
आणि हसीना, जिला पै-पैचा हिशोब कळतो,
त्या ओळीवरून नुसतं बोट फिरवते.