जिभेखाली

सिस्टर म्हणतात, तोंड उघड.
मग हसून आमच्या तेलुगूत, नोरु तेरू.
माझ्या मागं टाकळीचा एक ट्रकवाला,
त्याला कानडीत, बायी तेरी.
जीभ वर. गोळी खाली.
आता सात मिनिटं
तिन्ही भाषा बंद.

गिळायचं नाही.
बाकावर बसून पंख्याकडं बघायचं.
कडू लागतं, आणि कडूच्या मागून
लिंबाच्या गोळीची खोटी आठवण.

सुरुवात पाठीपासून झाली.
रात्रपाळीला चार माग, टॉवेलचे,
पहाटे पाठ लाकडाची व्हायची.
जॉबरनं एक कॅप्सूल दिली.
मग एकाच्या दोन, मग अख्खं पाकीट,
मग पाठ कुठं आहे तेच विसरलो.
मालकाच्या दोन मोटरी विकल्या
तेव्हा हातही कुणाचे होते कोण जाणे.

पहिल्या खेपेला आत गेलो तेव्हा गोळी नव्हती,
फरशी होती.
नऊ दिवस कुणीतरी
माझ्या हाडांतून धोटा मारत होतं, इकडून तिकडं,
आणि कापड काही निघत नव्हतं.
शिपाई म्हणाला, नाटकं.

दुसऱ्या खेपेला गोळी आली होती.
हिरेमठ कंपाउंडर बराकीच्या दारात
टॉर्च मारून प्रत्येकाच्या जिभेखाली बघायचे,
विहिरीत पडलेली घागर शोधावी तसे.
आम्ही अकरा जण. बाकीचे म्हणायचे, गोळीवाले.
म्हणू देत. आम्ही झोपत होतो.

मल्लेशी माझ्या आधी सुटला, सणाच्या आदल्या दिवशी.
चिठ्ठी होती, दवाखान्याला चार दिवस कुलूप होतं.
तिसऱ्या रात्री त्यानं जुनं तेच घेतलं, जुन्याच मापानं.
माप जुनं होतं,
अंग नवं झालेलं.
रिक्षा स्टँडच्या मागं सापडला, चिठ्ठी खिशात,
चार घड्यांची, घामानं पुसलेली.

हिरेमठांनी हे मला सांगितलं ते टॉर्च विझवून.

म्हणून मी सुटलो तेव्हा घरी गेलो नाही.
आधी इथं आलो, बंद शटरला हात लावला,
उघडायची वेळ वाचली, दोनदा.
मग अम्माकडं.
ती उंबऱ्यात विड्या वळत बसलेली.
तिनं कात्री दिली, पानं कापायला.
रात्रभर पानं वाकडी कापली मी,
तिनं एकही बाजूला टाकलं नाही.
सकाळी म्हणाली, ही पण गोळीच की रे.
कधी सुटणार?
तिच्या नखांत तीस वर्षांची तंबाखू.
मी पाणी पिऊन निघालो.

आज शनिवार. साडेबारा.
तीन मिनिटं झालीत, चार उरलीत.
शिपायानं शटर अर्ध्यावर ओढलंय
आणि त्या खालच्या फटीत
दोन पाय येऊन थांबलेत.
स्लीपर दोन रंगांच्या.
शेजारी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पंचा, साबणाचा तुकडा.
पिशवी मी ओळखतो. आतून बाहेर येताना
तसलीच देतात.
मग वाकून एक हात आला,
हातात चार घड्या.

शिपाई म्हणाला, सोमवारी ये.

मला बोलता येईना.
बोललो तर सगळं थुंकीबरोबर जाईल
आणि माझाही सोमवार होईल.
सिस्टर आत रजिस्टर लिहितायत, पाठमोऱ्या.
शटर निघालं खाली.

उठलो. खाली शिरलो.
खांद्यावर घेतलं ते, वाकून, तोंड मिटून,
शिपाई ओरडतोय, पोरगं बघतंय.
पाठीत कळ आली.
तिथंच, जुन्या जागी.

दुखतंय.
किती वर्षांनी
माझं मला दुखतंय.