चतुःसीमा

दस्त कानडीत लिहायचा, मराठीत वाचून दाखवायचा,
शिव्या दोन्हीत खायच्या.
एकतीस वर्षं झाली, निपाणीत कोर्टासमोर टपरी आहे माझी.
टेबलाला पाय तीन,
चौथ्याच्या जागी मुद्रांक कायद्याची जुनी पुस्तकं.

गेल्या दसऱ्याआधी पायगोंडा चौगुले आला,
तंबाखूची वखार भाड्यानं द्यायची म्हणून.
करार तीस वर्षांचा, दर तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढ.
बरोबर बेंगळूरचा पोरगा, चैत्रेश,
पांढरे बूट, अजून मळलेले नव्हते.

"एज डेटा सेंटर," तो म्हणाला.
मी पेन थांबवलं. एज म्हणजे?
"अंचु," म्हणाला कानडीत.
काठ. लुगड्याला असतो तो, विहिरीला असतो तो.
म्हटलं, बाळा, काठाचं आम्हाला नको शिकवूस,
आमचं पाळणाघरच तिथं.

मग त्यानं समजावलं.
इथल्या कुणी मोबाईलवर बोट टेकलं
की तो टेक मुंबईला जातो, मग माघारी येतो.
आता निपाणीतच वळेल.
वीस मिलिसेकंद वाचतील.
"त्या विसांचं करायचं काय?" पायगोंडा.
"विकायचे."
पायगोंडाच्या बापानं जन्मभर धूर विकला होता,
त्याला लगेच पटलं.

मला हसू आलं ते वेगळ्यासाठी.
आम्हीही एक विचारून ठेवलंय, दिल्लीला.
माझ्या आज्यानं विचारलं होतं.
उत्तर अजून वाटेत आहे.

चतुःसीमा लिहायला घेतल्या.
पूर्वेस महामार्ग. दक्षिणेस बंद पडलेलं चुरीचं मशीन.
पश्चिमेस विडीवाल्यांची चाळ.
उत्तरेस?
"महाराष्ट्र," पायगोंडा म्हणाला,
आणि आम्ही दोघं इतकं हसलो की चैत्रेश घाबरला.
मग मी लिहिलं: गटार.

रावसाब खोत, तंबाखूचा दलाल,
पूर्वी पान चिमटीत चुरून नाकाशी न्यायचा, दर सांगायचा.
आता तीच चिमूट मोकळी, हवेत.
"पाच लाख टाक, बसून खाशील.
चिकोडीला दुसरं निघतंय, संकेश्वरला तिसरं."
माझे साडेतीन आहेत, पतसंस्थेत.
सांगितलं, विचार करतो.
अजून करतोय.

वखार तीनदा धुतली, चौथ्यांदा रंगवली.
मशीनला धूळ चालत नाही म्हणे.
तरी चैत्रेश आत गेला की शिंकतो,
नव्वद वर्षांचा खकाणा आहे तो,
भिंतीतून असा भाडेकरूसाठी निघत नाही.
तिथं तीनशे बाया पत्ती चाळायच्या, माझी आई त्यांतली.
आता माणसं चार. त्यांतले दोघं राखणदार.
बाकी नुसती घरघर, रात्रंदिवस,
आणि पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर फेकलेली गरम हवा.

चाळीतल्या गंगूताई हेरवाडेनं
ती हवा पहिल्यांदा ओळखली.
सर्द दिवस, विड्या वाळता वाळत नव्हत्या.
एके सकाळी तिनं सूप नेऊन जाळीसमोर ठेवलं.
तासाभरात विडी कडक.
आठवड्यात तिथं चाळीस सुपं,
कडेला मिरच्या, पापड, कुणाचं तरी लंगोट.

परवा चैत्रेश आला, बूट आता मातीच्या रंगाचे.
नोटीस लिहून हवी होती.
अतिक्रमण, उपकरणांस धोका, सात दिवसांत जागा मोकळी करणे,
अन्यथा खर्चासह कारवाई.
लिहिली. शब्दाला शब्द, अडीच पानं, चोख कानडी.

वाचून दाखवायलाही मलाच नेलं.
बाया पदर सावरून गोळा झाल्या.
मी चष्मा पुसला, घसा खाकरला, तिन्ही कागद उलटले.
म्हटलं, "सुपं फूटभर मागं सरकवा, असं लिहिलंय."

गंगूताईनं कागद हातात घेऊन वजन बघितल्यासारखं केलं.
"एवढं लांबलचक, आन् एवढंच?"
"कानडीत जरा लांबतं," मी म्हणालो.