पाताळपाणी, दुसरी बाजू

पहिलं ध्वनिमुद्रण मार्च अठ्ठावन्नचं, दुपारचं.
स्टुडिओ नव्हेच; सियागंजातलं हिंगाचं गोदाम,
भिंतींना भाड्याच्या गाद्या, दाराला ओलं गोणपाट.
वादक सिरिल व्हिटबी, महूच्या रेल्वे क्वार्टरांतला फायरमन.
गिटार पोकळ पोटाची, तिची एक खुंटी
सायकलच्या नटावर तगलेली.
मुद्रक, वामन झोकरकर. माझे वडील.

रेकॉर्डच्या पाकिटाला अजून हिंगाचा वास येतो.
नवरा म्हणतो, तुझं काहीतरीच.

चाल तशी सोपी.
महूहून निघालेली गाडी घाटात वळते
तशी चार सुरांत वळते,
खर्जाच्या बोगद्यात शिरते,
आणि बाहेर डोकं काढते न काढते
तोच साडेतीन वाजले,
मिलचा भोंगा झाला.

गाद्यांना तो काय थोपणार!
सिरिलने तारांवर तळवा ठेवला, थांबला.
भोंगा उतरत उतरत जिथे विरला
त्याच सुरावरून त्याने पुढची ओळ उचलली,
पंगतीत कुणी वाटी पुढे करावी
आणि न बघता घ्यावी, तशी.
परत घेऊ, तो म्हणाला.
वडील म्हणाले, टेप संपली, भिया. पैसेपण.

तीनशे प्रती निघाल्या. ऐंशी खपल्या.
उरलेल्यांतल्या काहींवर आईने तुळशीच्या कुंड्या ठेवल्या.

तरी चाल गावात फिरत राहिली.
पासष्टात छावणीच्या लग्नाच्या बँडने ती उचलली:
सुरावट क्लॅरिनेटवर, आणि भोंग्याच्या जागी
युफोनियम, गाल फुगवून, पुरे अकरा सेकंद.
घोडी तिथे हटकून बिचकायची,
नवरदेव मुंडावळ्या सावरायचे.

एकाहत्तरच्या अनंत चतुर्दशीला
झाकीच्या ट्रकवर कुणी ती बेंजोवर वाजवली.
पहाटेचे तीन, रस्ता माणसांनी गच्च.
बेंजोवर लांब सूर टिकत नाही,
म्हणून त्याने एकच पट्टी दाबून तार थरथरवली, थरथरवली,
आणि गर्दीतल्या चार-दोघांचे हात
खिशातल्या हजेरीच्या बिल्ल्याकडे गेले.
मी पाहिलंय. वडिलांच्या खांद्यावर नव्हते मी,
चांगली अठरा वर्षांची होते.

मग कोपनहेगन. कशी पोचली, देव जाणे.
तिघांचा संच, लेबलवर नाव छापलेलं: पटेल्स पेनी.
भोंगा सॅक्सोफोनवर, मऊ, लोण्यासारखा.
पाकिटामागे मजकूर होता,
की हा दीर्घ स्वर म्हणजे पूर्वेकडचं ध्यान.
वडील हसले, हसताना ठसका लागला,
मग गंभीर होऊन पत्र लिहायला बसले,
चार कच्चे खर्डे. टपालात एकही नाही.

चौऱ्याण्णवला जेल रोडवरच्या आमच्या दुकानात
राजू सोलंकीने की-बोर्डवर कॅसेट भरली.
तोवर नावही गळालं होतं: धून नंबर चार.
त्याने विचारलं, ताई, मधला तो सूर कशाचा?
राहायचा मिलसमोरच,
पण मिल बंद होऊन तीन वर्षं झालेली.
मी सांगितलं.
अच्छा, म्हणाला, आणि पट्टी अर्ध्या सुराने उतरवली.
तेवढंच. पण बरोबर तिथेच आला.

वडिलांच्या वहीत एक रकाना आहे, दोष.
तिथे त्यांच्या अक्षरात: भोंगा, ११ से.
पुढे शिसपेन्सिलीने, बऱ्याच वर्षांनी केलेलं,
एक प्रश्नचिन्ह.

शेवटची नोंद माझी.
पर्थहून पाकीट आलं, आत चकती,
सिरिल व्हिटबी, वय सत्त्याहत्तर, स्वयंपाकघर.
बोटं जड झालीत, घाट चढताना गाडी
दोनदा धापा टाकते.
बोगदा आला. बोगदा सरला.
त्याने तारांवर तळवा ठेवला.

मी आवाज वाढवला.
त्याच्या फ्रिजची घरघर, एक खुर्ची,
दूर कुठलंसं कुत्रं.
मी घड्याळाकडे बघत नव्हते, तरी मोजत होते.

मग त्याने पुढची ओळ उचलली,
कुणीच न धरलेल्या
त्याच सुरावरून.